नारळ दिला कुरिअरनं

इचलकरंजीच्या बसमध्ये रशीदचे कान पुढच्या सीटवरच्या दोघींकडे लागले. त्यातली संयोगिता घरबसल्या व्यापाऱ्यांची ऑनलाइन कामं बघायची. तिचं मोठं गिऱ्हाईक स्वस्तातल्या परदेशी कंपनीकडं गेलं होतं.

"तुझे सूतवाले शेठ परत आले व्हय?"

"आले की! त्यांनी तिकडं मेसेज टाकला, माल उशिरा पोचवणाऱ्या ट्रकवाल्याला नारळ द्या."

"मग?"

"दिला! कुरिअरनं. वर शुभेच्छांचं कार्ड."

"अगं बाई! आणि ट्रकवाला?"

"खूश! म्हणतोय, आता जन्मभर तुमचाच माल उचलतो."

"तू दर कमी केलास?"

"एक रुपया न्हाय, नाजिया. म्हटलं, पटत असंल तर बघा."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ताई, तुमच्याच दरानं या, पण त्याला आता तुम्हीच काढा. मला लाज वाटती."