भरणी खोलीतल्या काट्याबाबत

जबाब

साक्षीदाराचे नाव: स्वतंत्र कागदावर नोंदले आहे. वय: ४१ वर्षे. धंदा: नोकरी, औषध कारखान्यात भरणी विभागाची सुपरवायझर. राहणार: कारखान्यामागची वसाहत, दुसरा मजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी पती व सासूबाईंसह राहते. मयत हे माझे मोठे दीर. ते याच कारखान्यात फिटर होते. सासूबाईंना कोणी सांभाळायचं यावरून दोन वर्षांपासून आमचं बोलणं नव्हतं. कामापुरती मी चिठ्ठी पाठवत असे.

भरणी खोलीत धूळ शिरू नये म्हणून तिथल्या हवेचा दाब शेजारपेक्षा थोडा जास्त ठेवतात. त्यासाठी भिंतीवर काट्याचं मीटर आहे. त्याची एक नळी आमच्या खोलीत उघडते, दुसरी भिंतीतून पलीकडच्या बंद खोलीत. काटा फक्त दोन खोल्यांमधला फरक दाखवतो. तो पंधरावर असावा लागतो.

काल मंगळवारी सकाळी १०.२० वाजता काटा एकदम शून्यावर पडला आणि परत वर आला. असं तीनदा झालं. भोंगा वाजला. मी दार, काच, छतातली जाळी पाहिली. सगळं ठीक होतं. दोन मिनिटांनी पुन्हा तीनदा. पॅकिंगवाली बाई म्हणाली, "मॅडम, काट्याला धाप लागलीय बघा." मी हसले. भोंगा बंद केला आणि हवेचा पंखा वाढवला. तरी काटा तीन-तीनदा पडतच राहिला.

ती म्हणाली, "फिटरना बोलवू का?"

मी म्हणाले, "नको. उगीच कशाला त्यांच्या तोंडी लागायचं?" हे शब्द माझेच आहेत.

पावणेअकरानंतर काटा थोडाथोडाच पडू लागला. अकरानंतर हलला नाही. मी रजिस्टरला 'ठीक' असं लिहिलं.

१२.४० वाजता ऑफिसच्या फोनवर पतींचा फोन आला. "दादा फोन उचलत नाहीये. आईला बरं नाही, त्याला कळवायचं होतं. जरा बघतेस का?" आत मोबाइल नेता येत नाही, तो लॉकरमध्ये ठेवतात. मी वर्कशॉपमध्ये गेले. भाऊजींचा डबा तसाच होता. दहानंतर त्यांना कोणीही पाहिलं नव्हतं.

मी परत आले तेव्हा काटा पडत होता. पार शून्यावर. तीनदा. तेव्हा १२.५० झाले होते. पॅकिंगवाल्या बाईनेही पाहिलं. या वेळी मी दाराजवळचं दुसरं मीटर बघितलं. ते आमच्या खोलीचा दाब मोकळ्या गॅलरीशी ताडून दाखवतं. त्याचा काटा जागचा हलत नव्हता. म्हणजे आमच्या खोलीत काही बिघडलं नव्हतं. जे होत होतं ते पलीकडे. हे दुसरं मीटर सकाळीही तिथेच होतं. मी बघितलं नाही.

बंद खोलीचं दार गॅलरीत आहे. वॉचमनने ते कटावणीने उघडलं. आतली मूठ तुटून खाली पडली होती. त्या खोलीतून नायट्रोजनचा पाइप जातो, त्याचा जोड सुटला होता; तो वायू कोंडला की माणूस गुदमरतो. भाऊजी तेच बघायला गेले असावेत, असं मॅनेजर म्हणाले. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. मीटरची नळी त्यांच्या हातात होती, ओठांपासून वीतभर खाली. मॅनेजर म्हणाले, ते नळीत फुंकत असणार; फुंकलं की दाबातला फरक मिटतो आणि आमच्याकडे काटा पडतो. आमच्या यंत्रांच्या आवाजात दार बडवलेलं कोणाला ऐकू जाणार? मीटर भाऊजींनीच बसवलं होतं. त्याच्या समोर कोण बसतं, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांचा हात गार होता.

मृत्यू अकराच्या सुमारास झाला, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. आपण विचारलंत म्हणून पुन्हा सांगते, मी काटा पडताना पाहिला तो १२.५० वाजता. भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे. याचा खुलासा मला करता येत नाही.

पतींना मी फोनवर 'लवकर या' एवढंच सांगितलं.

भाऊजींना नेल्यावर मी भरणी खोलीत गेले, मीटरला जोडलेली, पलीकडे जाणारी नळी ओढून काढली आणि तोंडाला लावली, असं पॅकिंगवाल्या बाईने सांगितलं आहे. ते खरं आहे. मी नळीत बोलले. साधारण दोन मिनिटं. काय बोलले ते लिहून घेऊ नये, अशी विनंती आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी जेवढं सांगितलं तेवढंच त्यात आलं आहे व ते बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.