बाळाला कपडे कोण घालणार

ओटिलिया : टोपरं कुठाय गं? झबलं आणलंस, मोजे आणलेस आणि टोपरंच विसरलीस?

नेरेइदा : विसरले नाही, आई. विणलंच नाही. झबलं-मोजेसुद्धा गेल्या वर्षीचेच आहेत.

ओटिलिया : अगं, उद्या कँडेलारिया! उद्या बाळ येशूच्या मूर्तीला नवे कपडे घालून देवळात न्यायचं, आणि त्याची धर्ममाताच म्हणते, विणलं नाही?

नेरेइदा : दुसरी धर्ममाता बघा. मला नाही जमणार.

ओटिलिया : असं मध्येच सोडता येतं होय? एकदा पत्करलं की तीन वर्षं करावं लागतं. हे शेवटचं. यंदा बाळाला खुर्चीवर बसवायचं. सगळी गल्ली बघायला येणार.

नेरेइदा : बाळाला कोण बघतंय? सगळ्या माझ्या पोटाकडे बघतात.

ओटिलिया : बघणारच. लग्नाला सात वर्षं झाली. तुझ्या भल्यासाठीच मी तुला हा मान दिला. माझ्या पुतणीनं धर्ममाता होऊन बाळाचं सगळं केलं, तर तिला जुळं झालं. तू मनापासून करत नाहीस.

नेरेइदा : मनापासून नाही? तुम्ही म्हणालात म्हणून त्या प्लास्टरच्या बाळाला कुशीत घेऊन निजले मी. अंगाई म्हटली. सतापाचा काढा प्याले. तुम्ही बोलावलेल्या त्या सुईणबाईकडून पोट चोळून घेतलं, ते कितीतरी दिवस काळंनिळं होतं. आता आणखी काय करू?

ओटिलिया : मी एवेलियोला आधीच सांगितलं होतं, पोरीची कंबर बघ म्हणून.

नेरेइदा : माझी कंबर काढू नका, आई. सांगून ठेवते.

(एवेलियो मक्याच्या सालांची जुडी घेऊन आत येतो.)

एवेलियो : एवढ्या सालांत उद्याचे सगळे तमालेस गुंडाळून उकडता येतील ना? ...काय झालं?

ओटिलिया : बायकोला विचार. उद्या मला चारचौघांत तोंडघशी पाडायला निघालीये.

नेरेइदा : मला विचारू नकोस. तू आईंना सांग.

एवेलियो : नेरे, आत्ता नको. उद्याचा सण होऊन जाऊ दे.

नेरेइदा : ईस्टरला म्हणालास, सण होऊ दे. नाताळात तेच. ती बाई माझं पोट चोळत होती तेव्हा तू दाराबाहेर उभा होतास. मी ओरडत होते, एवेलियो. तुला सगळं ठाऊक होतं, तरी नुसता उभा होतास.

ओटिलिया : काय ठाऊक होतं?

एवेलियो : तू मला शब्द दिला होतास, नेरे.

नेरेइदा : मी तोंड उघडणार नाही, असा शब्द दिला होता. तो पाळलाय. आता तू उघड. नाहीतर संध्याकाळच्या बसनं मी माहेरी जाते. आणि परत येणार नाही.

ओटिलिया : अरे, ती काय बोलतेय? बोल की!

एवेलियो : तिच्यात काही दोष नाही, आई. पुएब्लाच्या डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. माझ्यामुळे होत नाही. होणारही नाही.

ओटिलिया : ...दार लोट.

एवेलियो : आई, ऐक तरी...

ओटिलिया : आधी दार लोट! पलीकडे तुझी मावशी आहे. नेरेइदा, पोरी, बस इथं. हे या चुलीपाशीच राहू दे हं. पुरुषाची अब्रू असते. कारखान्यात कळलं तर त्याला जगू देणार नाहीत.

नेरेइदा : माझं पोट मात्र खाटकाच्या दुकानापर्यंत गेलं. तुम्हीच नेलंत.

ओटिलिया : तेव्हा मला कुठं माहीत होतं? आईचा जीव, बोलून गेले असेन. पण उद्या बायका विचारतील ना, यंदाही काही नाही का म्हणून. मी काय सांगू त्यांना?

एवेलियो : तिच्याबद्दल जे सांगायचीस, तेच सांग. फक्त नाव माझं घे.