वर्तमानपत्राखालचा ओटा

ओट्याचा विषय निघालाच आहे, तर ऐका. इंदिरानगरच्या आमच्या घरी सौभाग्यवतींना ग्रॅनाइटचा ओटा हवा होता. मी सविस्तर वाचन करून ओट्यावरचा जुना सनमायकाच पॉलिशपेपरने घासला आणि त्यास ग्रॅनाइटसारखा रंग दिला. रंग वाळताच सौभाग्यवतींनी संपूर्ण ओट्यावर वर्तमानपत्रे अंथरली. त्यांना माझ्या कामाची लाज वाटत असावी, असे समजून मी खट्टू झालो.

रविवारी नामपूरहून मेहुणी आली. सौभाग्यवतींनी आपण होऊन कागद उचलला.

"अगंबाई! ताई, ग्रॅनाइट बसवलंस?"

"ग्रॅनाइट काय, कोणीही बसवतं. हे ह्यांनी स्वतः रंगवलंय."

मेहुणीने कौतुकाने बोट पुढे केले, तोच सौभाग्यवती कडाडल्या, "आधी हात धुऊन ये!"