डाव्या बुटाचं इलॅस्टिक

नाही, नाही, बसा तुम्ही, टेबलावरचा हा बुटांचा पसारा मी सरकवते – कॉफीबरोबर एक बिस्कीट घ्या – घेतलंत? मग डबा झाकते – हां, तर तुमच्या पेपराला काय हवंय ते मला ठाऊक आहे. दोन आयांचा मुलगा बॅले नाचतो. घरात बाप असता तर फुटबॉल खेळला असता का? अहो, खेळायचा की फुटबॉल. गोलकीपर होता. चेंडू अडवायचं सोडून गोलपोस्टला धरून पाय ताणत बसायचा, म्हणून काढला त्याला. त्यात आमचा काय दोष? मारलूस नर्स, मी बोटींची शिडं शिवणारी – आमच्या दोघींच्या घरांत लग्नातसुद्धा कुणी धड नाचलेलं नाही. हे लिहा.

शाळेत चिडवायचे, हो. कुठला मुलगा सुटतो त्यातून? आमचा योरिट म्हणायचा, तुमच्या घरी एक आई ओरडते, माझ्या घरी दोन ओरडतात, आता बोला... नाही, मला आई नाही म्हणत. मारलूस आई, मी वीत्स्के. पहिल्यापासून. जन्म तिनं दिला ना – आणि हाक मारली की दोघींनी एकदम वळून बघायला नको. मला त्याचं काही नाही. खरंच काही नाही. बुटांची इलॅस्टिकं मात्र मीच शिवते, तो एवढासा होता तेव्हापासून. बाकीची पोरं आपापली शिवतात, ह्याला माझाच टाका लागतो. नवा बूट येतो तो नुसता कापडी पिशवीसारखा; इलॅस्टिक पायावर धरायचं, घट्ट ओढायचं आणि मग शिवायचं, बूट असा पायाला चिकटून बसला पाहिजे –

काय? हो, ह्या जोडीतला डावा मोठा आहे. असतो एखाद्याचा पाय. नाही, चुकून नाही आला, मीच मागवला. आणि इलॅस्टिक सैल आहे कारण – तुम्ही लहानपणी नाचायचात का? वाटलंच. तरीच डोळा नेमका तिथे गेला.

सुजलाय. एवढंच. उद्या पहिला प्रयोग, आयुष्यात पहिल्यांदा मुख्य भूमिका, आणि आज पाय सुजलाय. म्हणजे आज नाही, बरेच दिवस. हाडाला बारीक तडा आहे. बॅले कंपनीच्या डॉक्टरला दाखवलं असतं तर भूमिका दुसऱ्याला गेली असती, म्हणून मीच त्याला गाडीत घालून पार उत्रेख्तच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, ह्या पायावर उडी मारलीस तर हाड मोडेल, मग नाच विसर. आणि उद्याच्या नाचात उड्यांशिवाय आहे काय? घरात मोजे घालून फिरतो – मारलूसची एक नजर पडली तरी तिला कळेल, आणि कळलं की ती स्वतः जाऊन प्रयोग थांबवेल. तिचं बरोबरच आहे हो. मलाही कळतं. रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं.

पण तो माझ्याकडे आला ना. तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत बसला, पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "तिला सांगू नकोस ना, आई." आई म्हणाला. मला. एवढा घोडा झाल्यावर – मी किती वर्षं त्या हाकेची वाट – जाऊ दे. मी काय करणार ते त्याला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. मी मोठा बूट मागवला.

हे लिहू नका. आधी ते पेन खाली ठेवा बघू... थांबा. सायकल. खाली बोळात मारलूसच लावतेय, साखळीचा आवाज ओळखते मी. उठा, कोट घ्या तुमचा. दोन आयांचं हवं ते लिहा, हसवा लोकांना, चालेल मला. – नाही, तो बूट राहू दे. झाकू नका. टेबलावरच राहू दे, तिला दिसेल असा. जा आता.