सात मीटरवरचा खडक

...नाही, तुम्हीच सांगा, एक खोली बांधायला माणसाला हिमयुग माहीत असायला पाहिजे का? असायला पाहिजे म्हणे! कारण घरामागच्या ज्या जागेत आमची ही कपडे वाळत घालते, त्या जागेखाली हिमयुग पडून आहे, थरावर थर, आणि तिथं काय पडलंय, किती खोल पडलंय, याचा अहवाल जोडल्याशिवाय बांधकाम कार्यालय अर्जाला हात लावत नाही. का? तर शेजारच्या दुकानाची भिंत तडकली! भिंत त्याची आणि अहवाल मी आणायचा! आणि मला हवं काय होतं? एक खोली. तळमजल्यावरची, फक्त एक खोली!

आईसाठी हो. आई एक्याऐंशीची, ताईकडे राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. सात महिने झाले, तिचा पाय जमिनीला लागलेला नाही. खिडकीत बसते आणि खालून जाणाऱ्यांना सूचना देते, 'अहो, छत्री विसरलात!' तक्रार एक नाही, तुम्हाला सांगतो, तेच वाईट. फोनवर एवढंच विचारते, 'काय रे, आज बाहेर माती ओली आहे का?' आणि आमच्याकडे खाली काय, तर स्वयंपाकघर आणि गाडी ठेवायची जागा. झोपायच्या खोल्या सगळ्या वर. म्हणून म्हटलं, मागं एक खोली काढू.

तर आल्या मातीवाल्या बाई. तपासनीस. बरोबर तीन पायांचं भोक पाडायचं यंत्र आणि ते चालवणारा एक बोअरवाला, जो दिवसाला दोन शब्द बोलतो. तो जमिनीत नळी ठोकणार, वर काढणार, बाई ती उघडणार आणि आनंदानं किंचाळणार, 'अहो, हे बघा, किती स्वच्छ वाळू! धुतलेली आहे!' मी म्हटलं, कुणी धुतली? 'बर्फानं!' इथून वर कुठंतरी डोंगराएवढा बर्फ बसला होता म्हणे, तो वितळायला लागला, पाणी शंभर वाटांनी या सपाटीवर पसरलं, आणि पाणी जसजसं दमलं तसतसं ओझं टाकत गेलं. आधी गोटे, मग खडी, मग वाळू, आणि अगदी बारीक गाळ तेवढा पुढं तळ्यात. मी म्हटलं, कधीची गोष्ट? 'पंधरा हजार वर्षं. पाच-सातशे इकडंतिकडं.' इकडंतिकडं! अहो, मी बसगाड्यांची वेळापत्रकं बनवतो, सात मिनिटं इकडंतिकडं झाली तर माणसं माझ्या टेबलावर चढतात!

मग लागला चिखल. तळ्याचा. पट्ट्यापट्ट्यांचा, एक फिकट, एक काळपट. 'फिकट उन्हाळा,' बाई म्हणाल्या, 'वितळलेलं पाणी जोरात यायचं, जाडसर गाळ आणायचं. काळपट हिवाळा, वरून तळं गोठलं की आत सगळं शांत, मग उरलेलं बारीक सावकाश बसायचं. एक जोडी म्हणजे एक वर्ष!' आणि टाचणी घेऊन मोजायला बसल्या की! एकशे बारा मोजली. मध्येच चुकचुकल्या, 'हे वर्ष वाईट गेलं हो, उन्हाळाच नाही.' कुणाचं वाईट गेलं, बाई? होतं कोण इथं? आणि मला हवं काय होतं? एक खोली!

बाई जेवायला गेल्या आणि सात मीटरवर यंत्र म्हणालं, खट्ट! बोअरवाल्यानं घाम पुसला आणि दिवसातला पहिला शब्द काढला. 'खडक.'

मला काय झालं सांगू, मी यंत्रालाच मिठी मारायची बाकी! तिथल्या तिथं फोन लावला. 'आई, खडक लागला! पाया पक्का! सामान बांध!' ती म्हणाली, 'नक्की ना रे?' मी म्हटलं, यंत्राचे दात बोथटले, आणखी काय पाहिजे? तिनं खिडकीतल्या कुंड्या वाटून टाकल्या, अख्ख्या जिन्याचा निरोप घेतला, 'चालले बरं का मी खाली.'

आणि बाई जेवून आल्या. 'खडक? इथं? दोन पावलं सरकून दुसरं भोक घ्या.' घेतलं. सात मीटर, काही नाही. दहा, काही नाही. पंधरा मीटरपर्यंत नळी अशी गेली, जशी श्रीखंडात... असो, लोण्यात म्हणा. तो खडक नव्हताच! तळ्यावर बर्फाचे तुकडे तरंगायचे, एका तुकड्यात एक धोंडा अडकला होता, बर्फ वितळला, धोंडा सुटला, डुबुक! एवढी मैलोन्‌मैल सपाटी पडली होती, पण नाही, माझ्याच कपड्यांच्या दोरीखाली डुबुक! बाई म्हणतात, 'नशीबवान आहात, असा नमुना शंभरात एखाद्याला मिळतो.' अहो बाई, मला नमुना नको होता, मला एक खोली हवी होती!

आईला सांगायचं धाडस होईना. चार दिवस फोनवर नुसतं हो-हो केलं. पाचव्या दिवशी, बाई आणि बोअरवाला तिसरं भोक घेत असताना, भाऊजींनी आणि त्यांच्या शेजाऱ्यानं तिला खुर्चीसकट तीन जिने उतरवलं आणि थेट आमच्या मागच्या दारी आणून ठेवलं. आई म्हणाली, 'दाखव खडक.' कबूल केलं सगळं. तिनं चपला काढल्या आणि दोन्ही पाय त्या उपसलेल्या वाळूच्या ढिगात खुपसले. मला रडूच आलं हो. बोअरवाला तोंड फिरवून यंत्र पुसत राहिला, पुसलेलंच.

मग बाईंनी तिला पट्ट्या दाखवल्या. आईनं नखानं एक मापली. 'वर्षभरात एवढंच?' बाई म्हणाल्या, 'एवढंच, आजी. पण खोली होईल तुमची. हलकी बांधायची, खाली एकच रुंद काँक्रीटचा पाया घालायचा. चिखल जरा दबणार, पण सावकाश. भिंतीला भेग दिसायला तीस-चाळीस वर्षं जातील.'

मी सुटलो! म्हटलं, झालं तर मग! पण आई बोटांवर हिशेब करायला लागली. एक्याऐंशी आणि तीस... एक्याऐंशी आणि चाळीस... आणि माझ्याकडं बघून बोट रोखलं, 'हे बघ, भेग पडली की मला त्याच दिवशी सांगायचं. आतासारखं चार-चार दिवस लपवायचं नाही.'

म्हटलं, सांगतो.