बाभळीखालची घागर

— थोडी तकलीफ सोसावीच लागती म्हणता? सोसावी की. मी कुठं न्हाई म्हणून राहिले, दादा? तुम्ही इथं स्टँडच्या बाकड्यावर पेपर मोठ्यानं वाचून राहिले म्हणून मधी बोलले, न्हाई तर मला काय कळतंय त्यातलं. इमानतळावर लई झडत्या घेतेत, कोणी म्हणतेत बरोबर हाय, कोणी म्हणतेत नाहक बेजार करतेत — आन् तुम्ही म्हणता, देशासाठी सोसावं. बरोबर हाय तुमचं. पंजाबचा अतिरेकी काही सांगून येत न्हाई. मागल्या साली दिल्लीत रेडिओत बॉम्ब भरून ठेवले, पडलेली वस्तू म्हणून गरिबानं उचलली आन् जीव गेला — ते आम्हीबी ऐकलं. इमान समुद्रावर फुटलं, लेकरंबाळं होती त्यात, ते ऐकलं त्या दिशी मी चूल पेटवली न्हाई. भ्याव खरा हाय. मी खोटा म्हणणार न्हाई. पण झडती कोणाची घेतेत आन् त्यात सापडतं काय, ते लिवलंय का तुमच्या पेपरात? बघा बरं. न्हाई ना. मला वाटलंच.

आमच्या गावालाबी इमानतळ हाय म्हणलं तर हसताल. हासा. निस्तं मैदान हाय — नवा जिल्हा झाला तवा साहेब लोकाईनं आखलं, खडी दाबली, काटेरी तार ठोकली, आन् गेले निघून. शेरडं चरत होती त्याच्यावर. पण तारेला लागून एक सरकारी विहीर हाय, आन् औंदाच्या दुष्काळात साऱ्या शिवारात पाणी म्हणलं तर तेवढंच. वस्तीची विहीर होळीच्या आधीच आटली. कोणती वस्ती? गावाबाहेरची वस्ती, दादा, आनखी कोणती. तर समद्या गावाच्या घागरी तिथं. बाया पहाटं घागर ठेवून रोजगार हमीच्या नाल्यावर जातेत, दगड फोडतेत, नंबर आला की येतेत. बाई नसली तरी घागर नंबर धरती. आत एक धोंडा टाकायचा, म्हंजी वाऱ्यानं गडगडत न्हाई, आन् तोंडाला फडकं बांधायचं, म्हंजी धूळ जात न्हाई. समद्याच तसं करतेत. चांगुणानंबी तसंच केलं. चांगुणा म्हंजी आमच्या गावची एक बाई. काटक हाय, बोलती कमी. तिच्या मायनं लग्नात दिलेली पितळेची घागर होती, तिनं ती पहाटं नेऊन ठेवली. ओळीत न्हाई. ओळीपासून पार तिकडं, तारेजवळच्या बाभळीखाली. वस्तीच्या घागरी तिथंच ठेवायच्या, गावाच्या भरून झाल्या की मंग आमच्या — असंच चालत आलंय. त्या दिशी वस्तीतल्या बाकीच्या बाया तालुक्याला गेल्या होत्या, म्हणून बाभळीखाली तिची एकटीचीच घागर.

आन् त्याच दिशी पोलिसाच्या गाड्या आल्या. मंत्री दुष्काळ बघायला येणार, इमानानं येणार, म्हणून बंदोबस्त. फौजदार नवा, तिकडचा, सातारकडचा का कुठचा. त्यानं विहिरीला दोरी लावली, म्हणला आजपासून इथं कोणी यायचं न्हाई. बायाईनं नाल्यावरून धावत येऊन आपापली घागर उचलली. ओळ सरली. राहिली बाभळीखालची. फौजदारानं इचारलं, ती कोणाची? कोणी बोलंना. चांगुणा तवा नाल्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तिला खबरच न्हाई. फौजदार म्हणला, कोणाची का असंना, उचला आन् बाजूला न्या. आन् मंग, दादा, साऱ्या बाया मागं सरल्या. एक पाऊल, दोन पावलं. पदर आवरून. आता त्या कामून सरल्या ते तुम्हाला कळलं, मला कळलं. फौजदाराला न्हाई कळलं. त्याला वाटलं, भ्याल्या. त्याला वाटलं, एवढ्या बाया एका घागरीला हात लावायला भितेत, म्हंजी ह्या घागरीत काहीतरी हाय.

हाय का न्हाई? सरकारनं भिंतीवर लिवलं, बेवारस वस्तूला हात लावू नका. आमच्या गावाला ते लिवायची गरजच न्हाई पडली.

मंग बॉम्बवाले आले. शिपाई मैदानात पालथे पडले, गावाला लांब हाकललं, शेळ्या हाकलल्या. एका माणसानं रांगत जाऊन घागरीच्या गळ्यात दोर अडकवला आन् लांबून ओढला. घागर आडवी झाली, आतला धोंडा खडाडला — आन् त्या आवाजानं फौजदारापासून पाटलापर्यंत समदे तोंडावर पडले. गलका ऐकून मी वस्तीतून आले होते, लांब दोरीपलीकडं उभी होते, मी बघितलंय ते. हसू आलं असतं, पण मी त्या टायमाला हसण्यात नव्हते, कामून की तेवढ्यात चांगुणा पळत येऊन राहिली होती आन् ओरडून राहिली होती, माझी हाय, माझी घागर हाय. दोन शिपायांनी तिला धरलं. फडकं सोडलं, धोंडा निघाला. निस्ता धोंडा. तिथंच मिटायला पाहिजे होतं की न्हाई? पण माणूस एवढ्या लोकाईसमोर तोंडावर पडला की त्याला काही ना काही सापडावंच लागतं. फौजदार म्हणला, समद्याच्या घागरी ओळीत, तुझीच कामून येगळी? तारेजवळ कामून ठेवली? चांगुणानं बायाईकडं बघितलं. कस्तुराबाईकडं बघितलं — ही कस्तुराबाई तिच्यासंगट एकाच ढिगावर खडी फोडती, दगडाची पाटी एकमेकीच्या डोक्यावर देतेत दोघी, रोज, हाताला हात लागतो. तिथं इटाळ न्हाई, बरं का, दगड उचलायला न्हाई. कस्तुराबाईनं मान खाली घातली. पोलीस पाटील शेषेराव पुढं झाला आन् म्हणला, साहेब, ती बाई जरा तऱ्हेवाईकच हाय, काय माहीत कामून ठेवली. खरं सांगावं तर कायदा आडवा येतो ना. घागरी येगळ्या ठेवाय लावणं गुन्हा हाय, ते शेषेरावाला चांगलं ठाऊक. म्हणून समदं गाव खामोश. एक बाई अतिरेकी ठरली तर चालंल, पण गावाचं नाव खराब व्हायला नको.

थू. माफ करा, तुमच्या बाजूला न्हाई थुंकले.

नेलं तिला. ठाण्यात तिला इचारलं, घरचे कुठं हायेत. नवरा किनवटला, आश्रमशाळेत शिपाई — माझा ग्यानोबा लई साधा हो, त्यानं आजवर कोणाला... हाव. सून हाय माझी. लपवायचं काय त्यात. इचारलं, माहेरचं कोण? म्हणली, भाऊ हाय, भुजंग, नांदेडला. काय करतो? मोटारी दुरुस्त करतो, सरदारजीच्या गॅरेजात. झालं. सरदारजी म्हणल्यावर फौजदाराचे कान उभे राहिले. तेव्हापास्तोर धोंडा सापडला होता, आता त्याला आख्खा कट सापडला. नांदेडच्या पोलिसाला कळवलं, तिथून भुजंगाला उचलून आणलं. आन् त्याच्यामागं कोण आलं, सांगू? त्याचा मालक. पांढऱ्या दाढीचा म्हातारा, ठाण्यासमोर बाकड्यावर येऊन बसला. त्याला म्हणले, तुमचं नाव न्हाई, तुम्ही जा. तो म्हणला, माझा माणूस आत हाय, मी कसा जाऊ. तिथंच बसून राहिला, भाकर मी दिली ती खाल्ली — माझ्या हातची, इचारलं न्हाई कोणाची म्हणून. त्यालाबी लोक जाता-येता वाकडं बघून राहिले होते, पगडीकडं. आन् आमच्या गावातलं एक माणूस ठाण्याकडं फिरकलं न्हाई. एक न्हाई.

फौजदारानं तिला फिरून फिरून तेच इचारलं, घागर येगळी कामून. मी सांगाय गेले तर शिपायानं, सुनेची बाजू घेतीस म्हणून, दारातूनच हाकललं. मारलं न्हाई, खोटं कशाला बोलू. पण बाईमाणसाला दोन दिस ठाण्यात बसवलं तर मारायचं राहतंय काय? ती गप. मला आधी वाटलं भ्याली. मग वाटलं, गावावर केस होईल म्हणून गावाला जपून राहिली, आन् माझं डोस्कं फिरलं. ते तसं नव्हतं. ती वाट बघून राहिली होती. कस्तुराबाई येईल, कोणीतरी एक येईल आन् सांगंल. कोणी आलं न्हाई, तवा ती बोलली. म्हणली,

“साहेब, मी सांगून तुम्हाला पटणार न्हाई. माझी घागर तुम्ही तुमच्या हातानं ओळीत ठेवून बघा.”

माणूस वाईट नव्हता तो. वाईट असता तर गेला नसता. जीपमधी घातली तिला, मला मागं बसू दिलं, घागर घेतली, विहिरीवर आला. बंदोबस्ताची दोरी तवा दिवसातून थोडा टाइम सोडत होते, बाया होत्या, ओळ लागली होती. त्यानं ती चेपलेली घागर उचलली आन् ओळीत मधोमध ठेवली, कस्तुराबाईच्या हंड्याला लागून. आन् उभा राहिला. बाया एकमेकीकडं बघून राहिल्या. पहिल्यांदा कस्तुराबाईनंच हंडा उचलला. मग तिच्या बाजूचीनं. मग पलीकडचीनं. निस्ता भांडी उचलल्याचा आवाज. बघता बघता ओळ साफ, आन् मधी चांगुणाची घागर एकटी. फौजदार तिच्याकडं बघत राहिला. त्याला कळलं ते मला त्याच्या मानेवरून दिसलं — लाल झाली. तो म्हणला, “हे आधीच का नाही सांगितलंस?” ती म्हणली, “तुम्ही त्याईलाच इचारत होते, साहेब. मला वाटलं, सांगतील.”

मग काय झालं? तुम्हीच सांगा, काय व्हायला पाहिजे होतं? काही झालं न्हाई. दुसऱ्या दिशी मंत्री येणार, आज गावात भानगड नको, म्हणला. भुजंगाला सोडलं, हिला सोडलं, शेषेरावाला दोन शब्द बोलला आन् गेला. धोंड्याच्या जागी बॉम्ब निघाला असता तर मुंबईपास्तोर तारा गेल्या असत्या. जे निघालं, त्याचं नावसुदीक घेतलं न्हाई. मंत्र्याचं इमान आलं. वर दोन चकरा मारल्या, धूळ लई उडून राहिली होती म्हणून उतरलंच न्हाई. वरूनच दुष्काळ बघितला आन् गेले.

पण चांगुणा बदलली. इमान गेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी घागर घेऊन निघाली, मी म्हणलं, बाभळीखालीच ठेव बाई, झालं ते लई झालं. तिनं ऐकलं न्हाई. ओळीत ठेवली. बायाईनं आपली भांडी उचलली आन् निघाल्या. ती म्हणली, बरं. तिनं पोहरा सोडला आन् वस्तीचं समदं पाणी भरलं, दुपारपास्तोर. तिसऱ्या दिशीबी तसंच. मग शेषेरावानं गावासाठी टँकर मिळवला, आन् वस्तीला गिरणीतून दळण बंद झालं, नाल्याच्या मुकादमानं आमच्या बायाईला म्हणलं, उद्यापासून काम न्हाई. तीस वर्सं झाली, दादा, आम्हाला बुद्धाचे होऊन. तीस वर्सं. पोरं शिकली, माझा लेक सरकारी नोकर झाला. आन् एक घागर दोन हात सरकली तर गावाच्या पोटात एवढं दुखलं.

ठाण्यात केस घेईनात. म्हणून आलो इथं. नवा जिल्हा झाला तवा म्हणले होते ना, आता कचेरी जवळ आली, उस्मानाबादला पायपीट न्हाई — तर म्हणलं बघावं तरी किती जवळ आली ती. कलेक्टरपुढं उभी राहणार हाय ती, शेषेरावाचं नाव घेणार हाय, कस्तुराबाईचंबी. गावात कोणाला माहीत न्हाई. मला तर तिनं बजावलं होतं, आत्या, स्टँडवर कोणापाशी तोंड उघडू नका, कोण कोणाचा पाहुणा निघंल सांगता येत न्हाई. आन् ती नळावर गेली तर मी बसले सांगत तुम्हाला. तुम्ही पेपर वाचून राहिले होते, वाटलं, शिकलेलं माणूस हाय.

तुमचं गाव कोणतं म्हणलात? न्हाई, म्हणलाच न्हाई तुम्ही. शेषेरावाला वळखता का? मान हलवली, पण हाव म्हणून का न्हाई म्हणून, ते काही कळलं न्हाई मला. पेपर कामून गुंडाळला? गाडी आली? ती तर निलंग्याची हाय, मघाशी कंडक्टरनं, निलंग्याला का, म्हणून तुम्हाला इचारलं तवा न्हाई म्हणले की तुम्ही. आन् मघापासून बघून राहिले मी, तुम्ही जरा जरा करून बाकड्याच्या कडंला सरकून राहिले. आधी वाटलं, ऊन लागतंय. ऊन तर माझ्या बाजूला हाय.

असू द्या. सांगायचं काही काम न्हाई. उठलात, ते बरंच झालं.

चांगुणा, ए चांगुणा, भरलं का पाणी? ये, हिकडं ये. बस. जागा झाली.