नायकाला समन्स

तांड्यातील सर्व मंडळी, दिग्रसहून आलेले पाहुणे, आणि समोर बसलेले मोहनभाऊ,

मला माईकवर बोलायची सवय नाही. शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, पण तिथे समोर मुलं असायची. आज समोर तुम्ही आहात आणि आपले तांडाप्रमुख हरसिंग नायक आता आपल्यात नाहीत. कारभाऱ्यांनी बोला म्हटलं, म्हणून उभा राहिलो.

एकच आठवण सांगतो. तुम्हाला ती माहीत आहे, पण पाहुण्यांना नसेल.

मोहनभाऊंनी शेजारच्या शेतातल्या किसनला धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या वादातून काठीनं मारलं होतं. किसनचा हात मोडला. ते पाहणारे एकटे नायक, मोहनभाऊंचे सख्खे मोठे भाऊ. कोर्टाचं समन्स घेऊन शिपाई तांड्यात आला, तेव्हा कारभाऱ्यांनी त्याला चहा पाजला आणि प्रेमानं सांगितलं, "साहेब, नायक बोलावते. नायकाले बोलवत नसते." शिपाई बिचारा समन्स खाटेवर ठेवून गेला.

चूक कारभाऱ्यांची नव्हती. तांड्याची रीतच तशी. नायक बसवतो ती बैठक, नायक देतो तो निवाडा. नायकाला कोण विचारणार?

संध्याकाळी नायकांनी मला बोलावलं. "मास्तर, राष्ट्रपतीले कोर्ट बोलावू शकते काय?"

मी सांगितलं, पदावर असेपर्यंत राष्ट्रपतींवर फौजदारी खटला चालत नाही, अटक होत नाही. नुसत्या साक्षीला बोलावता येतं का, याचं उत्तर सगळ्या देशांत सारखं नाही. मलाही ते ठामपणे सांगता आलं नाही.

कारभारी खूश झाले. "झालं मंग. आपला नायकही तसाच."

नायक म्हणाले, "थांब ना बापा. मास्तर, त्याईले सूट काहून हाय?"

मी म्हणालो, "देशाचं काम अडू नये म्हणून."

नायक म्हणाले, "काठी पडली तवा मी बैलाले पाणी पाजून राह्यलो होतो. त्यात तांड्याचं कोणतं काम होतं?"

साक्ष द्यायची म्हणजे सख्ख्या भावाविरुद्ध. दोघांच्या घरांत एकच भिंत. हे सगळ्यांनाच कळत होतं.

तारखेच्या सकाळी नायकांनी नायकपणाचं पागोटं काढून निंबाखालच्या, बैठकीच्या खाटेवर ठेवलं आणि उघड्या डोक्यानं बसमध्ये चढले. मी शेजारी होतो. दिग्रस येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले. कोर्टात धंदा विचारला, तर म्हणाले, "शेती." नायक म्हणाले नाहीत. पाहिलं तेवढं सांगितलं. कमी नाही, जास्त नाही.

मोहनभाऊंना शिक्षा झाली. तेवढे महिने त्यांच्या मुली नायकांच्या चुलीपाशी जेवल्या. आणि पागोटं खाटेवरच राहिलं. पाऊस आला की कोणीतरी ते आत न्यायचं, उघडला की पुन्हा ठेवायचं. पण त्या खाटेवर कोणी बसलं नाही.

मोहनभाऊ सुटून आले, तेव्हा कारभारी म्हणाले, "नायक, आता तरी घाला."

नायक म्हणाले, "ज्याच्याविरुद्ध बोललो, त्यानं सांगतलं तं घालीन."

मोहनभाऊ, तुम्ही तेव्हा किती वेळ उभे होतात, मला आठवतं. मग पुढे झालात आणि तुमच्या हातांनी ते बांधलंत. पार वाकडं. नायक म्हणाले, "काय रे, पागोटं बांधाचंही विसरून आला काय तिथं?" तांडा किती दिवसांनी हसला होता. नायकांनी त्या दिवशी दिवसभर ते सरळ केलं नाही.

परवा नायकांना निरोप देताना शेवटचं पागोटंही मोहनभाऊंनीच बांधलं. तेही वाकडंच झालं. कोणी सरळ केलं नाही.

मला एवढंच सांगायचं होतं.

आता सगळे उभे राहू या. एक विनंती आहे. आपल्यात डोकं उघडं ठेवत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी ज्यांनी पागोटं, टोपी घातली आहे, त्यांनी ती काढून हातात घ्यावी. नायक त्या सकाळी बसमध्ये चढले, तसेच आपण थोडा वेळ शांत उभे राहू.